निवृत्त जेट आणि पेटलेलं रान

१७ जून २००२. कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या पूर्व उतारावर वॉकर नावाचं छोटं गाव आहे. गावाजवळच्या डोंगरात वणवा भडकला होता. त्यावर लाल रंगाचं अग्निरोधक द्रावण सोडण्यासाठी सी-१३०ए हे जुनं लष्करी मालवाहू विमान दरीत खाली आलं. द्रावणाचा लाल पट्टा मागे उमटत होता आणि त्याच क्षणी विमानाचा एक पंख मुळापासून मोडला. पाठोपाठ दुसराही मोडला. पंख नसलेलं धड जमिनीवर आदळून पेटलं. आतले तिघेही जागीच गेले. वणव्याचं चित्रीकरण करायला आलेल्या टीव्हीच्या कॅमेऱ्याने हे सारं टिपलं आणि त्या संध्याकाळी साऱ्या अमेरिकेने ते पाहिलं.

त्यानंतर एक महिना आणि एक दिवस उलटला. १८ जुलैला कोलोरॅडोतल्या एस्टेस पार्कजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात घडवलेलं प्रायव्हेटीअर हे बॉम्बफेकी विमान वणव्यावर द्रावण टाकण्यासाठी वळत होतं. त्याचा डावा पंख तुटला आणि दोघे वैमानिक मृत्युमुखी पडले. दोन्ही विमानं वायोमिंगमधल्या ग्रेबुल इथल्या हॉकिन्स अँड पॉवर्स या एकाच कंपनीची होती. तपासात दोन्हींचं कारणही एकच निघालं : धातूचा थकवा. वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा ताण आणि पीळ सोसून पंखाच्या धातूत तडे गेले होते. ते तडे वेळेवर दिसावेत अशी तपासणीची पद्धतच नव्हती.

वणव्यांशी लढणाऱ्या विमानांच्या इतिहासाची या दोन अपघातांनी फाळणी केली. त्याआधीचं अर्धशतक युद्धातून उरलेल्या विमानांचं होतं. त्यानंतरचा काळ ओळखला जातो तो एका ब्रिटिश प्रवासी जेटमुळे. विमान कंपन्यांना ते परवडेनासं झालं, आणि मग आग विझवणाऱ्यांनी त्याला पुन्हा कामावर घेतलं. हा बदल कसा घडला आणि त्यासाठी काय किंमत मोजावी लागली, हे सांगायचं तर १९५३ पासून सुरुवात करायला हवी.

पिकांवर फवारणी करणारी विमानं

९ जुलै १९५३ रोजी उत्तर कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो राष्ट्रीय वनात रॅटलस्नेक नावाने ओळखल्या जाणाऱ्या वणव्याने १५ जणांचा बळी घेतला. रात्री वाऱ्याने दिशा बदलली, आग उतारावरून खाली धावली आणि दरीत जेवायला बसलेली माणसं तिच्या वाटेत सापडली. या घटनेने अमेरिकेची वनसेवा हादरली. आगीच्या तोंडाशी माणसं पाठवण्याआधी तिचा वेग मोडता येईल का, हा विचार जोराने सुरू झाला.

मेंडोसिनो वनाचे अग्निनियंत्रण अधिकारी जो इली यांनी हा प्रश्न विलोज गावात नेला. तिथे नोल्टा बंधूंचा शेतांवर विमानातून बियाणं पेरण्याचा आणि औषध फवारण्याचा व्यवसाय होता. विमानातून शेतात बी टाकता येतं, तर आगीवर पाणी का टाकता येऊ नये? नोल्टांनी बोईंग स्टिअरमन या दुपंखी विमानात १७० गॅलनची टाकी बसवली आणि तिच्या बुडाला झडप लावली. वैमानिकाने दोरी ओढली की झडप उघडायची. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मेंडनहॉल वणव्यावर व्हान्स नोल्टा यांनी त्यातून पाणी टाकलं. पुढच्याच वर्षी अशी सात विमानं एकत्र आणून तुकडी उभी राहिली. अमेरिकेतल्या एअर टँकरांची परंपरा या शेतीच्या विमानांपासून सुरू होते.

१७० गॅलन म्हणजे साडेसहाशे लिटरही नाही. एवढ्याने मोठी आग आवरणार नव्हती. मोठी टाकी हवी तर मोठं विमान हवं, आणि ती विमानं त्या काळी अमेरिकेच्या वाळवंटांत रांगा लावून उभी होती. युद्ध संपलं होतं, लष्कराला त्यांची गरज उरली नव्हती. ॲव्हेंजर, बी-१७, प्रायव्हेटीअर, नंतर पी२व्ही नेपच्यून, सी-११९, डीसी-४, डीसी-६, डीसी-७, आणखी पुढे सी-१३०ए आणि पी-३ ओरायन. बॉम्ब ठेवायच्या जागेत टाकी बसवली की बॉम्बफेकी विमान टँकर व्हायचं. किंमत कमी होती, सुटे भाग भरपूर होते, आणि युद्धात उडलेले वैमानिकही होते.

हिशेब कोणीच ठेवला नाही

या व्यवस्थेची एक खास रचना होती. बहुतेक विमानं वनसेवेच्या मालकीची नसत. लहानमोठ्या खासगी कंपन्या ती विकत घेत, त्यांत बदल करत आणि उन्हाळ्याच्या हंगामापुरती सरकारला कराराने देत. करार कमी दराला जाई. त्या पैशांत विमान उडतं ठेवायचं आणि हिवाळ्यात त्याची डागडुजी करायची. या कंपन्यांमधली माणसं कसबी आणि धाडसी होती, याबद्दल शंका नाही. पण ज्या विमानावर त्यांचा जीव अवलंबून होता, त्याच्याबद्दलची सर्वांत महत्त्वाची माहिती त्यांच्यापाशी नव्हती.

वणव्यावरचं उड्डाण पंखांना फार महागात पडतं. तापलेली हवा वर उसळते, डोंगरावरून वारा कोसळतो आणि त्या खळबळीत विमान जमिनीपासून दीडदोनशे फुटांवरून जातं. द्रावण सुटलं की विमानाचं कित्येक टन वजन क्षणार्धात कमी होतं, नाक वर उसळतं आणि लगेच समोरचा डोंगर चुकवण्यासाठी जोराने वर चढावं लागतं. दर खेपेला पंखाच्या मुळाशी हा पीळ बसतो. उंचावरच्या शांत हवेसाठी किंवा समुद्रावरच्या गस्तीसाठी आखलेल्या विमानाचे पंख असे किती पीळ सोसतील, हे ते घडवणाऱ्यांनी कधी मोजलेलं नव्हतं. काही विमानांच्या मूळ कंपन्या केव्हाच बंद पडल्या होत्या, काहींनी या जुन्या जातींची जबाबदारी सोडून दिली होती. प्रायव्हेटीअरच्या आयुष्याची मर्यादा किती, असं विचारायचं झालं तर विचारायचं कोणाला?

२००२ च्या अपघातांनंतर वनसेवा आणि भूमी व्यवस्थापन खात्याने तज्ज्ञांची समिती नेमली. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे माजी अध्यक्ष जिम हॉल आणि टेक्सासचे राज्य वनाधिकारी जेम्स हल हे तिचे प्रमुख होते. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या अहवालाने एअर टँकरांचा सुरक्षेचा इतिहास स्वीकारण्याजोगा नसल्याचं स्पष्ट नमूद केलं. जबाबदारी नेमकी कुठे गळाली, हेही त्यातून पुढे आलं. सरकारी कामावरची विमानं आपल्या कक्षेबाहेरची आहेत, असं नागरी उड्डाण प्रशासन मानत होतं. वनसेवेकडे विमानाच्या संरचनेची पारख करणारी माणसं पुरेशी नव्हती. नागरी प्रशासनाने एकदा प्रमाणपत्र दिलं म्हणजे विमान ठीक आहे, अशा समजुतीवर करार होत होते. दोन सरकारी खात्यांच्या मधल्या या फटीत पाच माणसं एका उन्हाळ्यात मेली.

एप्रिल २००४ मध्ये सुरक्षा मंडळाने बजावलं की कंत्राटी विमानांची सुरक्षितता तपासण्याची जबाबदारी वनसेवेचीच आहे. १० मे २००४ रोजी, ऐन हंगामाच्या तोंडावर, ३३ मोठ्या टँकरांचे करार एका फटक्यात रद्द झाले. काही ओरायन आणि नेपच्यून बाहेरच्या तज्ज्ञांच्या तपासणीनंतर परत आली. त्यांवर पंखांवरचा ताण नोंदवणारी उपकरणं बसवली गेली. पण ताफ्याला लागलेली गळती थांबली नाही. २००२ मध्ये करारावर ४४ मोठे टँकर होते. दहा वर्षांनी त्यांची संख्या दहाच्या आसपास उरली. २०११ च्या जुलैत एरो युनियन या कंपनीच्या ओरायन विमानांचा करारही संरचनेच्या तपासण्या पूर्ण न झाल्याने संपुष्टात आला.

त्याच दशकात पश्चिम अमेरिकेतले वणवे मोठे होत गेले. जंगलाच्या कडेला वस्ती वाढली, हंगाम लांबले. ३ जून २०१२ रोजी नेपच्यून जातीच्या दोन टँकरांना एकाच दिवशी अपघात झाला. युटा-नेवाडाच्या सीमेवर एक विमान दरीत आदळून दोघे वैमानिक गेले, आणि नेवाडातल्या मिंडेन इथे दुसऱ्याला एक चाक न उघडताच उतरावं लागलं. त्याच महिन्यात कोलोरॅडो स्प्रिंग्ज शहराच्या वेशीवर वाल्डो कॅन्यन वणव्याने सुमारे ३५० घरं जाळली. नवी विमानं हवीत हे सर्वांनाच कळत होतं. पण नवं मोठं टँकर विमान मुळापासून घडवण्याइतके पैसे कोणीही देणार नव्हतं. म्हणजे विमान पुन्हा वापरलेलंच घ्यायचं. या वेळी ते कोणतं घ्यायचं आणि कसं तपासायचं, एवढंच ठरवणं हातात होतं.

हॅटफिल्डचं शांत जेट

उत्तर मिळालं ते इंग्लंडमध्ये. लंडनच्या उत्तरेला हॅटफिल्ड इथे हॉकर सिडली कंपनीने १९७३ मध्ये छोट्या शहरांना जोडणाऱ्या एका जेटची घोषणा केली होती. काही महिन्यांतच तेलाचं संकट आलं आणि १९७४ मध्ये प्रकल्प गुंडाळून ठेवावा लागला. कंपनी ब्रिटिश एरोस्पेसमध्ये विलीन झाल्यावर १९७८ मध्ये तो पुन्हा उघडला. ३ सप्टेंबर १९८१ रोजी बीएई १४६ पहिल्यांदा उडालं आणि १९८३ मध्ये डॅन-एअरने त्यातून प्रवासी न्यायला सुरुवात केली.

हे विमान बाकीच्या जेटांपेक्षा वेगळं दिसायचं. पंख धडाच्या वर होते आणि त्यांखाली चार छोटी इंजिनं. शेपटीच्या टोकाला दोन पाकळ्या उघडून हवेचा वेग मोडणारा ब्रेक होता. पंखांच्या मागच्या कडेला मोठे फ्लॅप असल्यामुळे ते हळू उडू शकायचं, थोड्या जागेत उतरायचं आणि तीव्र उतरणीनेही धावपट्टीकडे येऊ शकायचं. आवाज इतका कमी की गावाच्या मधोमध असलेल्या विमानतळांनीही त्याला परवानगी दिली. लंडन सिटी विमानतळावर ते उतरलं. कोलोरॅडोतल्या डोंगरांनी वेढलेल्या ॲस्पेनला एअर विस्कॉन्सिन ते नेत असे. भूतानच्या ड्रुक एअरने १९८८ पासून ते पारोच्या अरुंद खोऱ्यात उतरवलं, आणि कोलकाता-दिल्लीच्या प्रवाशांनीही ते पाहिलं. ब्रिटनच्या राजघराण्याच्या ताफ्यातही ते होतं.

१९९२ मध्ये सुधारित इंजिनं आणि नव्या उपकरणांसह एव्हरो आरजे ही पुढची मालिका आली. तिच्यातलं मधलं विमान म्हणजे आरजे८५. पण दिवस बदलत होते. ब्राझीलचं एम्ब्रेअर आणि कॅनडाचं बोम्बार्डिअर दोन इंजिनांची प्रादेशिक जेट बनवू लागले. चार इंजिनं म्हणजे देखभालीचा खर्च दुप्पट. वेगही बेताचाच. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर विमान कंपन्यांचा धंदा कोसळला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर झाला. दोन्ही मालिका मिळून चारशेच्या आत विमानं बनली, तरी ब्रिटनच्या कोणत्याही जेट प्रवासी विमानाची एवढी संख्या झालेली नव्हती. मग एकेक कंपनी ती विकायला काढू लागली.

विमान कंपन्यांनी ज्या कारणांसाठी ते नाकारलं, त्याच कारणांमुळे ते वणव्याच्या कामाला योग्य ठरलं. डोंगराच्या कुशीत एक इंजिन बंद पडलं तर दोन इंजिनांच्या विमानाची निम्मी ताकद जाते, या विमानाची पाव. संथ उडण्याची क्षमता प्रवाशांना कंटाळवाणी वाटते. द्रावण नेमकं टाकणाऱ्याला तीच लागते. तीव्र उतारावरून खाली येताना वेग आटोक्यात ठेवायला शेपटीचा ब्रेक कामी येतो. लहान धावपट्टी पुरते, म्हणून आगीच्या जवळच्या तळावर उतरून टाकी भरता येते. पंख वर असल्याने खाली टाकीला जागा मोकळी मिळते आणि इंजिनं द्रावणाच्या फवाऱ्यापासून दूर राहतात.

यापेक्षाही मोठी गोष्ट कागदावरची होती. हे विमान घडवणारी कंपनी अजून उभी होती. बीएई सिस्टिम्सचा प्रादेशिक विमानांचा विभाग स्कॉटलंडमधल्या प्रेस्टविक इथून प्रत्येक विमानाच्या नोंदी आणि आराखडे सांभाळत होता. प्रत्येक उड्डाण, प्रत्येक दुरुस्ती, बदललेला प्रत्येक भाग यांचा लेखी माग होता. प्रायव्हेटीअरबद्दल जो प्रश्न विचारायला कोणी नव्हतं, तो इथे विचारता येत होता आणि त्याचं उत्तरही मिळत होतं.

टाकी बसवण्याचे दोन मार्ग

प्रवासी विमानाला टँकर बनवायचं म्हणजे आसनं, सामानाच्या फळ्या, स्वयंपाकघर, स्वच्छतागृह सगळं काढून टाकायचं. प्रश्न उरतो टाकीचा. ३,००० गॅलन म्हणजे साधारण साडेअकरा हजार लिटर द्रावण. त्याचं वजन बारा टनांच्या वर जातं. उड्डाणाच्या वेळी जास्तीत जास्त ४४ टन वजन उचलणाऱ्या विमानात एवढा भार कुठे ठेवायचा, आणि काही सेकंदांत समतोल न ढळता बाहेर कसा सोडायचा?

मोंटानातल्या मिझूलाची नेपच्यून एव्हिएशन ही कंपनी नेपच्यून विमानंच चालवत होती. तिने कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या ट्रोनोस या कंपनीबरोबर बीएई १४६ घेतलं आणि प्रवाशांच्या कक्षातच टाकी बसवली. २०११ मध्ये या विमानाला तात्पुरती परवानगी मिळाली आणि त्याच हंगामात ते आगीवर गेलं. पहिल्या रचनेतून द्रावण जमिनीवर हवं तितकं एकसारखं पसरत नव्हतं, म्हणून तिच्यात सुधारणा कराव्या लागल्या.

ब्रिटिश कोलंबियातल्या ॲबट्सफर्डच्या कॉनएअर कंपनीने दुसरा मार्ग धरला. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीच्या गाठीशी अनेक जातींची विमानं टँकर बनवण्याचा अनुभव होता. तिने आरजे८५ निवडलं आणि टाकी धडाच्या बाहेर, पोटाला दोन्ही बाजूंनी बिलगून बसवली. प्रवासी विमानाचं धड उंचीवर आतल्या हवेचा दाब सोसतं. त्याला मोठं भोक पाडायचं नाही, हा त्यामागचा विचार होता. टाकीच्या तळाच्या झडपा संगणकाच्या आज्ञेने उघडतात. किती द्रावण किती वेळात सोडायचं हे वैमानिक आधी ठरवतो, आणि टाकी रिकामी होत जाईल तसतशी झडप अधिक उघडत प्रवाह सारखा राखला जातो. या कामात बीएई सिस्टिम्सच्या अभियंत्यांचं तांत्रिक साहाय्य होतं. २०१४ च्या हंगामात ही विमानं एरो-फ्लाइट या अमेरिकी कंपनीमार्फत वणव्यांवर जाऊ लागली.

सगळ्यांनाच यश आलं नाही. नेवाडातल्या मिंडेन एअर कॉर्प या छोट्या कंपनीने हे विमान टँकर करण्याचा ध्यास फार लवकर घेतला होता. २०१२ मध्ये वनसेवेने नव्या पिढीच्या टँकरांसाठी निवडलेल्या चार कंपन्यांत तिचं नाव होतं. निवड न झालेल्या कंपन्यांनी हरकती घेतल्या, निवड पुन्हा करावी लागली आणि २०१३ मध्ये पाच कंपन्यांची नवी यादी आली. तिच्यातही मिंडेन होती. विमान तयार झालं, उडालं, पण नियमित सेवेपर्यंत कंपनी पोचू शकली नाही. मोठ्या भांडवलाशिवाय असं काम तडीस नेणं किती कठीण आहे, हे या उदाहरणातून दिसतं.

विमान तयार झालं की परीक्षा होई ती गवताच्या मैदानावर. मैदानभर ठरावीक अंतरावर पेले रोवून ठेवायचे. विमानाने वरून द्रावण सोडायचं. मग प्रत्येक पेला झाकून, उचलून त्याचं वजन करायचं. शंभर चौरस फुटांवर किती गॅलन पडलं यावरून पट्ट्याची जाडी ठरते. पातळ गवताला एक गॅलनही पुरतो. दाट झाडीत पानांमधून जमिनीपर्यंत पोचायला कितीतरी जास्त लागतं. पट्ट्यात मध्येच विरळ जागा राहिली तर आग नेमकी तिथूनच पलीकडे जाते. म्हणून या पेल्यांच्या परीक्षेत उतरल्याशिवाय पक्की मान्यता मिळत नव्हती.

आगीच्या पुढे ओढलेली रेषा

या विमानांना बातम्यांत पाण्याची विमानं म्हटलं जातं. प्रत्यक्षात ती बहुधा पाणी टाकत नाहीत आणि आगीवरही टाकत नाहीत. आपल्याकडे वनखातं उन्हाळ्याआधी गवत जाळून जाळरेषा काढतं. आग तिथपर्यंत आली की तिला पुढे खायला काही उरत नाही. टँकर तेच काम आकाशातून, आग पेटलेली असताना करतो. द्रावणात अमोनियम फॉस्फेटचे क्षार असतात. ते गवतापानांवर बसले की, पाणी उडून गेल्यावरही, त्या गवतापानांची पेट घेण्याची क्षमता घटते. कुठे पडलं हे वरून दिसावं म्हणून त्यात लाल रंग मिसळतात.

आधी एक छोटं वाटाड्या विमान येतं. ते मार्ग तपासतं, धूर आणि वारा बघतं, विजेच्या तारा आणि उंच झाडं कुठे आहेत ते सांगतं. मग टँकर त्याच्यामागे उतरतो. झाडांच्या शेंड्यांपासून दीडशे फुटांच्या आसपास, ताशी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर वेगाने तो त्या रेषेवरून जातो. फार उंचावरून सोडलं तर वारा द्रावण उडवून नेतो; फार खालून सोडलं तर त्याच्या माऱ्याने झाडं मोडतात आणि खालच्या माणसांना इजा होऊ शकते. सोडून झालं की विमान वर चढतं, तळावर जातं, टाकी भरून घेतं आणि पुन्हा येतं. एका दिवसात अशा अनेक खेपा होतात.

जेट झाल्याने या खेपांचं गणित बदललं. पंखे फिरवणाऱ्या जुन्या नेपच्यूनपेक्षा बीएई १४६ बरंच वेगवान होतं आणि त्याची टाकीही मोठी होती. इंजिनं साध्या जेट इंधनावर चालत. दुसऱ्या राज्यात आग लागली तर काही तासांत तिथे पोचता येऊ लागलं. पुढे हे अंतर खंडांचंही झालं. उत्तर गोलार्धात थंडी असते तेव्हा ऑस्ट्रेलियात वणव्यांचा हंगाम असतो. २०१४ च्या डिसेंबरपासून आरजे८५ व्हिक्टोरिया राज्यातल्या अॅव्हलॉन तळावर हंगामी कामाला जाऊ लागलं.

३० सप्टेंबर २०१७ रोजी मिझूलात शेवटच्या नेपच्यून टँकरांना समारंभाने निरोप देण्यात आला. १९४० च्या दशकात आखलेलं ते विमान होतं. त्याच्या जागी त्याच कंपनीच्या आवारात बीएई १४६ रांगेने उभी होती.

शिकण्यासारखं काय

दुसरी प्रवासी विमानंही या कामाला लागली. दोन इंजिनं शेपटीपाशी असलेलं एमडी-८७ टँकर झालं, तेव्हा २०१४ मध्ये द्रावणाचा अंश इंजिनांत शिरून ती अडखळू लागली. विमानं थांबवावी लागली आणि झडपा धडापासून आणखी खाली नेणारी जोडणी करूनच ती परत उडाली. विमानाची घडण आणि काम यांचा मेळ कागदावर बसवायचा नसतो, प्रत्यक्ष उडवून बघायचा असतो, हे त्यातून सिद्ध झालं. २००५ पासून फ्रान्सच्या नागरी सुरक्षा दलासाठी कॉनएअरने क्यू४०० या पंखे फिरवणाऱ्या प्रवासी विमानांचे टँकर केले होते. पुढच्या काळात कंपनी पुन्हा त्याच विमानाकडे वळली. आरजे८५ चं उत्पादन थांबून आता दोन दशकं लोटली आहेत. एक ना एक दिवस त्याचेही सुटे भाग दुर्मीळ होतील. समुद्रातून किंवा तळ्यातून पाणी उचलणारी कॅनडेअर सीएल-२१५ सारखी विमानं या कामासाठी मुळापासून घडली. जमिनीवरून द्रावण नेणाऱ्या मोठ्या टँकरांच्या वाट्याला मात्र अजूनही दुसऱ्याचं विमानच येतं.

विमान बदललं म्हणून धोका संपला नाही. २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या कूमाजवळ सी-१३० टँकर कोसळून तिघे अमेरिकी गेले. २०२३ च्या फेब्रुवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात बोईंग ७३७ चं केलेलं टँकर विमान कड्याला घासून पडलं. दोघे वैमानिक आश्चर्यकारकरीत्या बचावले. डोंगरात, धुरात, दीडशे फुटांवर उडणं कोणत्याही यंत्राला आणि माणसाला अवघडच राहणार. द्रावणाचंही एक ओझं आहे. ते नदीनाल्यात गेलं की मासे मरतात, म्हणून २०११ च्या नियमानुसार पाण्याच्या दोन्ही बाजूंना ३०० फुटांत ते टाकू नये, असं अमेरिकी वनसेवेने ठरवलं आहे. आणि लाल रेषा कितीही नेटकी पडली, तरी तिच्यापाशी उभं राहून आग प्रत्यक्ष आवरतात ती कुऱ्हाडी-फावडी घेतलेली जमिनीवरची माणसंच. त्यांना वेळ मिळवून देणं, एवढंच विमानाचं काम आहे.

तरीही या सत्तर वर्षांच्या कहाणीत एक गोष्ट निर्विवाद आहे. २००२ मध्ये पडलेली विमानं जुनी होती, म्हणून पडली असं म्हणणं सोपं आहे, पण ते अपुरं आहे. आज उडणारी बीएई १४६ सुद्धा तिशी-चाळिशीतली आहेत. फरक इतकाच की त्यांच्या पंखांनी किती ताण सोसला याची नोंद आहे, ती नोंद वाचणारे अभियंते आहेत, आणि करार देणारं खातं आता ती नोंद मागतं. प्रत्येक नवी अट अपघातानंतर आली. ज्यांच्या मृत्यूंनी त्या अटी लिहून घेतल्या, त्यांचं ऋण मान्य करायचं असेल तर नियम एकच पाळायला हवा : वापरलेलं यंत्र जरूर घ्यावं, पण त्याचा हिशेब मिळाल्याशिवाय त्यात कोणालाही बसवू नये.